पोर्ट रिकामा दिसतोय, तरी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ का?

तक्रार एका ओळीची असते. सर्व्हिस सुरू होत नाही, लॉगच्या शेवटी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ आणि शेजारी, लिनक्स असेल तर, ९८ हा आकडा. (मॅकवर तो ४८ असतो, विंडोजवर १००४८. दुखणं एकच.) तुम्हाला हवा असलेला पोर्ट, म्हणजे नेटवर्कवरच्या दाराचा क्रमांक, दुसऱ्या कुणीतरी धरलाय, एवढं ती ओळ सांगते. कुणी धरलाय ते सांगत नाही. मग आपण उघड्या सॉकेटांची (प्रोग्रामांच्या नेटवर्क-जोडण्यांच्या टोकांची) यादी काढतो, आणि हा पोर्ट त्या यादीत नसतोच. वैतागून मशीन रीबूट केलं की सगळं सुरळीत. दोन-तीन आठवडे जातात, परत तेच.

हे लिहितोय ते त्या ‘परत तेच’साठी. एकदाच झालेलं पोर्टचं भांडण कुणीही सोडवतो.

आधी एक सांगून ठेवतो. खालच्या कमांड मी फोनवर सांगतो तशा, उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे समजा, सगळी अक्षरं छोटी. कॅपिटल लागेल तिथं मी तसं म्हटलंय.

मी हे शिकलो ते वीस गोदामांच्या वीस मशीनांवर. सगळीकडे उबुंटू, आणि त्यावर लेबल छापणाऱ्या यंत्रांना काम वाटून देणारी एक छोटी सर्व्हिस. ती ४५००० या पोर्टवर ऐकायची. हा आकडा निवडला मीच. गोल आहे, लक्षात राहतो, ८०८० सारखी तिथं गर्दी नसते, एवढाच विचार. सर्व्हिस रात्री अकराला बंद व्हायची, बॅकअप चालायचा, आणि सकाळी सहाला ती आपोआप उठायची. बहुतेक सकाळी उठायचीच. पण अधूनमधून कुठल्या तरी एका गोदामातून फोन यायचा. दर वेळी वेगळं गोदाम, त्यामुळं ‘त्या मशीनमध्येच खोट आहे’ असंही म्हणता येईना. त्या दिवशी फोन आला तो असा:

“दादा, परत तेच.”

“रीबूट केलंस?”

“नाही अजून. तुम्हीच म्हणाला होतात, या वेळी हात लावू नकोस म्हणून.”

शहाणं पोरगं. अशा वेळी रीबूट करणं म्हणजे पंचनाम्याच्या आधी जागा धुऊन काढणं. पोर्ट कुणी धरलाय ही माहिती फक्त आत्ता, या क्षणी कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, असते. मशीन बंद झालं की ती गेली.

पहिली कमांड सगळ्यांना माहीत असते तीच:

सुडो एसएस -टीएलएनपी

सुडो म्हणजे पूर्ण अधिकारानं चालव. एसएस म्हणजे सॉकेटांची यादी देणारी कमांड. टी म्हणजे टीसीपी, आधी जोडणी करून मग बोलायची पद्धत. एल म्हणजे लिसन, कान देऊन बसलेली सॉकेटं तेवढी दाखव. एन म्हणजे नावं नकोत, आकडे दे. पी म्हणजे मालक कोण, ती प्रोसेस सांग. अक्षरांचा क्रम कसाही चालतो. जुन्या सवयीनं कुणी एसएसच्या जागी नेटस्टॅट लिहितं, त्यालाही हीच चार अक्षरं चालतात. पण नेटस्टॅट ज्या नेट-टूल्स पॅकेजमध्ये येतं ते हल्लीच्या बऱ्याच लिनक्समध्ये आधीपासून घातलेलं नसतं. एसएस आयपीरूट२ मधून येतं आणि ते बहुधा असतंच. शिवाय नेटस्टॅट /प्रोक (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारं फोल्डर) मधल्या मजकुराच्या फाइली वाचत बसतं, तर एसएस नेटलिंकवरून थेट कर्नलला विचारतं. हजारो जोडण्या असलेल्या मशीनवर हा फरक हाताला जाणवतो.

या चार अक्षरांतल्या दोघांना लोक हलकं समजतात. एन गाळलंत तर एसएस पोर्टच्या आकड्याऐवजी /ईटीसी/सर्व्हिसेस या फाइलमधलं त्याचं नाव छापतं. उबुंटूवर ८०८० चं होतं ‘एचटीटीपी-ऑल्ट’, ५४३२ चं ‘पोस्टग्रेसक्यूएल’. त्यापुढं पाइप देऊन ग्रेपनं ८०८० शोधलंत तर हाती शून्य. पोर्ट डोळ्यांसमोर असतो, नाव बदलून. दुसरं म्हणजे सुडो. ते नसेल तर ओळ दिसते पण तुमच्या स्वतःच्या प्रोसेस सोडून बाकी सगळ्यांचा शेवटचा रकाना कोरा राहतो. एसएस तक्रार करत नाही, ‘परवानगी नाही’ असंही म्हणत नाही. नवशिके त्यावरून ‘याला मालकच नाही’ असा अर्थ काढतात.

आणि ग्रेप ८० लिहू नका. त्यात ८०८० येतो, ४८०१२ येतो, कुणाच्या तरी प्रोसेसच्या क्रमांकातले ८० येतात. एसएसला स्वतःची गाळणी आहे, ती पुढं येतेच.

“दादा, ४५००० ची ओळच नाही यात.”

“बरं. एल काढ, तिथं ए टाक.”

सुडो एसएस -टीएएनपी ‘स्पोर्ट = :४५०००’

ए म्हणजे ऑल. ऐकणारी, बोलणारी, निरोप घेणारी, सगळी सॉकेटं. स्पोर्टचा खेळाशी संबंध नाही. सोर्स पोर्ट, म्हणजे आपल्या बाजूचा. समोरच्या बाजूचा हवा असेल तर डीपोर्ट. अवतरणचिन्हं साधी एकेरी, आणि बरोबरच्या दोन्ही अंगांना जागा सोडायची.

या वेळी एकच ओळ आली. अवस्था ‘एस्टॅब’, म्हणजे जोडणी चालू. आपल्या बाजूला त्या मशीनचा पत्ता आणि पोर्ट ४५०००. समोर दूरचं एक मशीन, पोर्ट ४४३. आणि शेवटच्या रकान्यात प्रोसेस: मशीनच्या तब्येतीची खबर वर पाठवत राहणारा देखरेखीचा एजंट. वीसही मशीनांवर बसवलेला, तोही आम्हीच. काखेत कळसा.

आता हे घडतं कसं ते सांगतो, कारण ते कळलं नाही तर उपाय म्हणजे नुसता अंगारा.

आपण बाहेर जोडणी करतो, म्हणजे ब्राउझर ४४३ वर जातो किंवा एखादा प्रोग्राम डेटाबेसच्या ५४३२ वर जातो, तेव्हा समोरचा पोर्ट आपण सांगतो. पण आपल्या बाजूलाही एक पोर्ट लागतो आणि तो बहुतेक प्रोग्राम सांगत नाहीत. कर्नल रिकाम्यातला कुठलातरी देतं. लिनक्सवर हा तात्पुरत्या पोर्टांचा पट्टा मुळात ३२७६८ ते ६०९९९ असा असतो. तुमच्या मशीनवर काय आहे ते असं बघा:

कॅट /प्रोक/सिस/नेट/आयपीव्ही४/आयपी_लोकल_पोर्ट_रेंज

४५००० बरोबर या पट्ट्यात बसतो. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, सर्व्हिस सुरू होताना करते ते तेच. त्याला बाइंड म्हणतात. आमची सर्व्हिस रोज सकाळी एका ठरलेल्या सीटसाठी यायची. आणि ती सीट होती उभ्यानं आलेल्या कुणालाही बसवायच्या रांगेत. रात्री अकरा ते सहा सीट रिकामी. त्या सात तासांत एजंटनं नवी जोडणी केली आणि कर्नलनं त्याला नेमका ४५००० दिला, तर सहा वाजता आमची सर्व्हिस रुमाल घेऊन उभीच. दिवसा हे होत नाही, कारण दिवसा सर्व्हिस स्वतः त्या सीटवर असते आणि कर्नल ती दुसऱ्याला देत नाही.

एल लावल्यावर हे का दिसलं नाही तेही आता उघड आहे. एजंट ऐकत नव्हता, बोलत होता. ‘पोर्ट वापरात आहे’ आणि ‘पोर्टवर कुणी ऐकतंय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाइंडला पहिलीशी मतलब, एलला फक्त दुसरी दिसते.

ढोबळ हिशेब मांडून बघा, गंमत आहे. पट्ट्यात २८,२३२ पोर्ट आहेत. नव्या कर्नलमध्ये बाहेर जाणाऱ्या जोडण्यांना आधी सम आकडे दिले जातात आणि विषम आकडे ‘कुठलाही पोर्ट चालेल’ म्हणून बाइंड करणाऱ्यांसाठी मागं ठेवले जातात. पट्टा ३२७६८ या सम आकड्यापासून सुरू होतो म्हणून हे असं. म्हणजे खरी सोडत १४,११६ पोर्टांतच. ४५००० सम. सकाळी सहाला एका मशीनवर बाहेर गेलेल्या चाळीसेक जोडण्या उभ्या असायच्या. १४,११६ भागिले ४०, सुमारे ३५३. एका मशीनवर साधारण वर्षातून एकदा. मशीन वीस, म्हणजे कुठंतरी दर सतरा-अठरा दिवसांनी एक फोन. आमच्या फोनांचं अंतर अगदी एवढंच होतं, आणि आम्ही आठ महिने नेटवर्कच्या केबली बदलत होतो. मी त्या वेळी ४५००१ निवडला असता तर हा लेख बहुधा लिहावा लागला नसता. दोषही कधी सापडला नसता.

ही चूक माझ्यासारख्या एकट्यादुकट्याचीच आहे असं नाही. हडूप म्हणजे प्रचंड डेटा अनेक मशीनांवर वाटून हाताळणारी प्रणाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीपर्यंत नेमनोडचं वेब पान ५००७० वर असायचं आणि बाकीचेही बरेच पोर्ट पन्नास हजारांच्या घरात. सगळे या पट्ट्यात. सर्व्हिस सुरू होताना अधूनमधून अडायची म्हणून हडूप ३ मध्ये ते हलवले. ५००७० चा ९८७० झाला. जीआरपीसीच्या (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची एक पद्धत) उदाहरणांत सगळीकडे दिसणारा ५००५१ अजूनही या पट्ट्यातच आहे, आणि तो उदाहरणातून उचलून थेट प्रॉडक्शनला नेणारे मी स्वतः पाहिलेत. उलट कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसचे नोडपोर्ट (बाहेरून आत यायचे पोर्ट) बघा: ३०००० ते ३२७६७. पट्टा सुरू होण्याच्या एक आकडा अलीकडे थांबतात.

उपाय दोन. चांगला उपाय म्हणजे पोर्टच बदला, ३२७६८ च्या खालचा घ्या. आम्हाला ते जमेना, कारण लेबल छापणाऱ्या यंत्रांत ४५००० पक्का बसवलेला होता आणि प्रत्येक यंत्र उघडून बदलायचं म्हणजे वीस गावं फिरणं. मग दुसरा: एसटीत काही सीटांवर ‘राखीव’ लिहिलेलं असतं, तसं कर्नलला सांगायचं की हा आकडा आपणहून कुणाला देऊ नकोस.

सुडो एसवायएससीटीएल -डब्ल्यू नेट.आयपीव्ही४.आयपी_लोकल_रिझर्व्हड_पोर्ट्स=४५०००

हे लगेच लागू होतं पण रीबूटनंतर टिकत नाही. टिकवायचं तर /ईटीसी/एसवायएससीटीएल.डी या फोल्डरमध्ये .कॉन्फ शेपटीची फाइल करून त्यात ही ओळ टाका (सुडो आणि -डब्ल्यू शिवाय, फक्त नावापासून पुढं). एकापेक्षा जास्त पोर्ट असतील तर स्वल्पविराम, सलग असतील तर मधे डॅश. एक फसगत मात्र होते: नवी यादी लिहिली की जुनी पुसली जाते, त्यात भर पडत नाही. दुसऱ्या कुणी आधीच काही राखून ठेवलं असेल तर आधी वाचून घ्या, मग दोन्ही मिळून लिहा.

राखीव म्हणजे बंद नव्हे. ज्या प्रोग्रामनं स्वतःहून ४५००० मागितला त्याला तो मिळतोच, म्हणजे तुमची सर्व्हिस नेहमीसारखी चालते. कर्नल फक्त आपल्या मनानं तो वाटत नाही. आणि जो आधीच बसलाय त्याला ही ओळ उठवत नाही. त्या सकाळी आम्हाला एजंट एकदा रीस्टार्ट करावा लागला, त्याला दुसरा पोर्ट मिळाला, मग सर्व्हिस उठली.

इथं एक कमांड मुद्दाम टाळा. इंटरनेटवर ‘पोर्ट मोकळा करा’ म्हणून दोन नुस्खे फार फिरतात. एक, फ्यूजर -के ४५०००/टीसीपी. दुसरा, एलएसओएफ -टी -आय :८०८० चं जे उत्तर येईल ते सरळ किलला देणं. पहिला त्या पोर्टवर जो असेल त्याला मारतो. आमच्याकडे देखरेखीचा एजंट मेला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता, कारण पत्ता लावणाराच तो. दुसरा त्याहून वाईट. एलएसओएफचं -आय आपल्या आणि समोरच्या, दोन्ही बाजूंचे पोर्ट बघतं. तुमचा ब्राउझर कुठल्याशा सर्व्हरच्या ८०८० शी बोलत असेल तर तोही यादीत येतो, आणि मग सर्व्हिससोबत ब्राउझरही गेला. एलएसओएफ वापरायचंच तर असं:

सुडो एलएसओएफ -एनपी -आयटीसीपी:८०८० -एसटीसीपी:लिसन

यातलं -एनपी मधलं पी कॅपिटल (छोटं एन, मोठं पी), टीसीपी दोन्हीकडे कॅपिटल, लिसनही कॅपिटलमध्ये. एन नसेल तर तो प्रत्येक पत्त्याचं नाव डीएनएसला विचारत बसतो आणि तुम्हाला वाटतं टर्मिनल अडकलं.

आता बाकीचे लपलेले मालक. सगळ्यांची सारखी चर्चा करत नाही. काही क्वचित भेटतात, काही रोज.

ए लावल्यावर ‘टाइम-वेट’ अवस्थेतली ओळ दिसली आणि सुडो असूनही प्रोसेसचा रकाना कोरा असेल, तर घाबरू नका. जोडणी संपलीय, प्रोसेस निघून गेलीय, वाटेत राहिलेलं एखादं पाकीट उशिरा आलं तर गोंधळ होऊ नये म्हणून कर्नलनं सीटवर रुमाल ठेवलाय. लिनक्सवर ६० सेकंद. एक मिनिट थांबून सर्व्हिस उठत असेल तर कारण हेच, आणि त्याचं औषध सर्व्हिसच्या कोडमध्ये आहे: बाइंडच्या आधी एसओ_रीयूजअॅडर हा पर्याय चालू करणं. लोक टीसीपी_फिन_टाइमआउट कमी करतात. त्यानं टाइम-वेट कमी होत नाही, ते फिन-वेट-२ या वेगळ्या अवस्थेचं बटण आहे. टीसीपी_टीडब्ल्यू_रीसायकल चालू करा असं सांगणारे सल्ले तर २०१७ पासून गैरलागू आहेत, कर्नल ४.१२ मध्ये तो पर्यायच काढून टाकला.

खरी मजा येते ती वारशाच्या सॉकेटात. सर्व्हिस मेलीय हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, एलनं यादी काढली तर पोर्ट दिसतो, पण मालकाच्या रकान्यात ‘स्लीप’. किंवा चित्रं लहान-मोठी करणारा एखादा प्रोग्राम. किंवा बॅश. स्लीपला पोर्टशी काय देणंघेणं? देणंघेणं नाही, वारसा आहे. सर्व्हिसनं पोर्ट उघडला, नंतर कामासाठी एक पोटप्रोसेस सुरू केली, आणि उघडं सॉकेट तिच्या हाती आपोआप गेलं. आई गेली, पोर राहिलं, घराची किल्ली त्याच्याकडे. ते पोर मरेपर्यंत पोर्ट सुटत नाही.

हे ‘परत तेच’ प्रकारातलं दुसरं मोठं कारण, आणि तेही मर्जीनुसार होतं: रीस्टार्टच्या वेळी एखादं पोटकाम चालू असेल तरच. सी मध्ये लिहीत असाल तर सॉकेट उघडतानाच क्लोज-ऑन-एक्झेकचा झेंडा लावा. पायथॉननं ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून, हे आपणहून करायला सुरुवात केली, त्यामुळं तिथं कुणी मुद्दाम वारसा दिला असेल तरच ही वेळ येते. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम. त्याच्याखाली चालणाऱ्या सर्व्हिसची यूनिट फाइलही (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेली फाइल) उघडून बघा. सिस्टमडी मुळात सर्व्हिसबरोबर तिचं सगळं बिऱ्हाड थांबवतं. पण कुणीतरी कधीतरी त्यात किलमोड=प्रोसेस (के आणि एम कॅपिटल) अशी ओळ घातलेली असते, आणि मग फक्त आई मरते. ती ओळ का घातली होती ते विचारल्याशिवाय काढू नका. पण विचारा जरूर.

मालक म्हणून प्रोसेस क्रमांक १, म्हणजे खुद्द सिस्टमडी दिसलं, तर तेही चुकीचं नाही. काही पोर्ट सिस्टमडी स्वतः धरून बसतं आणि कुणी आलं की मगच खरी सर्व्हिस उठवतं. १११ वरचं आरपीसीबाइंड असं चालतं. सर्व्हिस बंद केली तरी पोर्ट उघडाच राहतो, कुणी दार वाजवलं की ती परत हजर. उबुंटूनं २२.१० पासून एसएसएचही या पद्धतीवर नेलं. सिस्टमसीटीएल लिस्ट-सॉकेट्स म्हटलं की अशी सगळी दारं दिसतात. बंद करायचं तर .सर्व्हिस नव्हे, .सॉकेट शेपटीची यूनिट थांबवायची.

डॉकर-प्रॉक्सी दिसला तर त्याला मारू नका, डॉकर पीएस बघा. एखाद्या कंटेनरनं, म्हणजे डॉकरनं वेगळ्या खोलीत चालवलेल्या प्रोग्रामनं, तो पोर्ट बाहेर काढलाय. उलट बाजूही लक्षात असू द्या: कंटेनरच्या आतली सॉकेटं बाहेरच्या एसएसला दिसत नाहीत, कारण आतलं नेटवर्क वेगळं घर आहे. त्या घरात डोकवायचं तर त्या कंटेनरमधल्या प्रोसेसचा क्रमांक घेऊन सुडो एनएसएंटर -टी क्रमांक -एन एसएस -टीएलएनपी. यातला फायदा असा की एसएस बाहेरचंच वापरलं जातं, कंटेनरमध्ये ते नसलं तरी चालतं.

यूडीपीला (जोडणी न करता पाकिटं पाठवायची पद्धत) टीच्या जागी यू. तिथं ऐकणं-बोलणं असा भेद नसतो, अवस्था ‘अनकॉन’ दिसते आणि ती अगदी ठीक असते. घरी जाहिराती गाळायला पाय-होल बसवणाऱ्यांना ५३ चा त्रास हमखास होतो. उबुंटूवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड १२७.०.०.५३ या पत्त्यावर आधीच बसलेला असतो.

आणि एक ओळ उगाच घाबरवते: पोर्टच्या आधी तीन विसर्गांसारखी चिन्हं, किंवा नुसता तारा. ‘आमची सर्व्हिस फक्त आयपीव्ही६ वर गेली’ म्हणून मला निरोप येतात. बहुतेक वेळा ते एकच सॉकेट आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६, दोन्ही घरचं पाणी भरत असतं.

एल नाही, ए नाही, कशातच काही नाही, तरीही पोर्ट मिळत नाही? तर कुणीतरी रुमाल टाकलाय पण बसलेलं नाही. म्हणजे बाइंड केलं, पुढं लिसनही नाही आणि जोडणीही नाही. असं सॉकेट एसएसच्या नेहमीच्या यादीत येतच नाही. नव्या कर्नलवर आणि नव्या एसएसमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय आलाय: -बी, कॅपिटल. हे मला आजवर एकदाच भेटलं, अर्धवट लिहिलेल्या टेस्टमध्ये.

अगदी हाडकुळ्या कंटेनरमध्ये एसएसही नसतं, नेटस्टॅटही नसतं. तिथं कॅट /प्रोक/नेट/टीसीपी. आकडे सोळाच्या पायावर असतात: ४५००० म्हणजे एएफसी८. पत्ते आपल्या नेहमीच्या मशीनांवर उलटे लिहिलेले दिसतात, १२७.०.०.१ दिसतो ०१००००७एफ असा. अवस्थेच्या रकान्यात ०ए म्हणजे ऐकतंय, ०१ म्हणजे जोडणी चालू, ०६ म्हणजे टाइम-वेट. पुढं आयनोडचा क्रमांक असतो. /प्रोक मधल्या प्रत्येक प्रोसेसच्या एफडी फोल्डरात तो क्रमांक शोधला की मालक सापडतो. आयपीव्ही६ ची फाइल वेगळी, टीसीपी६. लोक ती विसरतात.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात. तिथं एसएस नाही, आणि नेटस्टॅटच्या -पी चा अर्थच वेगळा आहे, त्यामुळं वर दिलेली एलएसओएफची ओळ वापरा. फ्लास्क (पायथॉनमध्ये वेबसाइट करायचं साधन) शिकणाऱ्यांचा ५००० अडत असेल तर मालक म्हणून ‘कंट्रोल सेंटर’ दिसेल. तो एअरप्ले रिसीव्हर आहे, २०२१ च्या मॉन्टेरेपासून ५००० आणि ७००० धरतो. मारलात तर परत येतो. सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा, नाहीतर दुसरा पोर्ट घ्या.

विंडोजवर नेटस्टॅट -एएनओ, शेवटच्या रकान्यातला क्रमांक टास्कलिस्टमध्ये शोधायचा. ४ आला तर तो खुद्द सिस्टम, बहुधा एचटीटीपी.सिस. पण विंडोजवर पोर्ट कुणाकडेच नसतो आणि चूक १००४८ नव्हे तर १००१३ येते, ‘परवानगी नाही’ अशी, तेव्हा ॲडमिन होऊन उपयोग नाही. हायपर-व्हीनं (विंडोजची आभासी मशीनं चालवायची सोय) किंवा त्याच्या भाऊबंदांनी पोर्टांचे गठ्ठे आधीच बाजूला काढलेले असतात, आणि ते रीबूटनंतर बदलतात, म्हणून हेही ‘परत तेच’ वाटतं. बघायचं असं:

नेटएसएच इंटरफेस आयपीव्ही४ शो एक्सक्लूडेडपोर्टरेंज प्रोटोकॉल=टीसीपी

आता आमच्या गोदामांकडे परत. राखीव पोर्टची ओळ वीसही मशीनांवर गेली, पण मला आणखी एक गोष्ट हवी होती. त्या सकाळी पोरानं रीबूट केलं नाही म्हणून पुरावा मिळाला. दर वेळी कुणी फोन उचलून दादाला विचारेलच असं नाही. म्हणून सर्व्हिसच्या यूनिट फाइलमध्ये एक ओळ घातली:

एक्झेकस्टॉपपोस्ट=+/यूएसआर/बिन/एसएस -टीएएनपी

एक्झेकचा ई, स्टॉपचा एस आणि पोस्टचा पी कॅपिटल. सर्व्हिस थांबली की ही चालते, आणि सुरू होता होता पडली तरीही चालते. सुरुवातीच्या अधिकचिन्हाचा अर्थ पूर्ण अधिकारानं चालव, म्हणजे मालकाचा रकाना कोरा राहत नाही. उत्तर जर्नलमध्ये, म्हणजे सिस्टमडीच्या लॉगमध्ये, जातं, सर्व्हिसच्या बाकीच्या लॉगच्या खालीच. रोज रात्री अकराला सर्व्हिस थांबते तेव्हा चाळीसेक ओळींचा कचरा पडतो, तो पडू देतो.